वन्सं, तुम्ही तन्वीला घातलेली शपथ

वन्सं, तुमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी तुमच्यावर एक पुस्तिका काढत आहेत. माझ्याकडेही त्यांनी लेख मागितला. दोन पानं लिहून दिली मी. कुमुदताईंचं संस्कृत, कुमुदताईंचं फळ्यावरचं अक्षर, अंगात ताप असतानाही तास न बुडवणाऱ्या कुमुदताई. त्यात खोटं काही नाही. पण पाकीट बंद केल्यावर लक्षात आलं, त्यातलं एकही वाक्य मी तुमच्याशी बोललेले नाही. म्हणून हे दुसरे कागद घेतले. हे कुठे छापायचे नाहीत.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. चौदा वर्षं एका घरात राहिलो आपण. तुमचा भाऊ बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात तुम्ही, मी आणि मग तन्वी. किती भांडलो असू! मीठ किती घालायचं इथपासून ते माणूस कुठून आला इथपर्यंत. प्रत्येक भांडणानंतर तुम्हीच उठून चहा टाकायचात आणि कप माझ्यापुढे सरकवून म्हणायचात, "घे गो, आता नीट सांग काय म्हणत होतीस." या वेळचं भांडण आजवरच्या सगळ्यांत मोठं आहे, आणि समोर कुणी नाही.

तुमचे उपकार विसरून बोलतेय असं तुम्हाला वाटायला नको, म्हणून आधी तेच सांगते.

तन्वी दुसरीत होती. हजेरीला नाव आलं की तिला 'हजर' म्हणता यायचं नाही. 'ह' वरच अडकायची. पोरं मागून 'ह-ह-ह' करायची. हळूहळू ती शाळेत बोलेनाशी झाली, मग घरातही. एके दिवशी सकाळी तिने दप्तर विहिरीत टाकलं. मी कपाळाला हात लावून बसले. तुम्ही मात्र बादली काढायचा गळ घेतलात, दप्तर वर ओढलंत आणि एकेक वही उलगडून अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात वाळत घातलीत. शेवटची वही ठेवून झाल्यावर म्हणालात, "मेधा, ही पोर त्या शाळेत जायची नाही. आपण दोघी आहोत की. भाषा नि श्लोक मी बघत्ये, शास्त्र नि गणित तू बघ."

मी रत्नागिरीला कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते, ते सोडलं. विनयने बोटीवरून फोनवर सांगितलं, तुम्ही दोघी ठरवाल ते. तुमची खोली आपण शाळेची खोली केली. तुम्ही तुमची कॉट उचलून माजघरात नेलीत, आणि पुन्हा कधी त्या खोलीत झोपला नाहीत.

तिसऱ्या महिन्यात तुमच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोर बोलताना अडखळते, पण तुमच्या मागून स्तोत्र म्हणताना अडखळत नाही. चालीत असली की जीभ कुठे अडत नाही. मग रोज सकाळी तुम्ही तिला घेऊन पडवीत बसू लागलात. आधी स्तोत्र, मग स्तोत्राच्या चालीत पाढे, मग त्याच चालीत "आत्या, मला पोहे दे". मग चाल हळूहळू काढून घेतलीत. एकदम नव्हे, दिवसाला थोडीथोडी, पोरीला कळणारही नाही अशी. वर्षभरात तन्वी बोलायला लागली.

कुणीतरी तक्रार केली म्हणून शिक्षण खात्यातले एक साहेब चौकशीला आले होते. आठवतं? तुम्ही त्यांना कोकमाचं सरबत दिलंत आणि तन्वीला म्हणालात, "म्हण गो." तिने आख्खं स्तोत्र म्हटलं आणि शेवटी स्वतःच्या बोलीत, "माझं नाव तन्वी. मी घरी शिकते. माझी आत्या आणि माझी आई मला शिकवतात." एका दमात. मी दाराआड उभी होते. साहेब गेल्यावर तुम्ही आत येऊन मला रडताना बघितलंत आणि म्हणालात, "अगो, रडायचं काय त्यात? तुझं नाव माझ्यामागून घेतलंन म्हणून की काय?"

तन्वीला बोलणं तुम्ही दिलंत. हे मी त्या पुस्तिकेतही लिहिलंय.

आणि तुम्हीच ते परत बांधून टाकलंत. हे तिथे लिहिलेलं नाही.

ती दहा वर्षांची असताना आपण तिघी ओहोटीला खाडीवर गेलो होतो. मला तिला निवटी दाखवायच्या होत्या. चिखलावर त्या नेहमीसारख्या उड्या मारत होत्या, कल्ल्यांत पाणी भरून घेऊन, पुढच्या परांवर रेटा देत. तन्वी किंचाळली, "आत्या, मासा चालतोय!" मग तिथेच, चिखलात उभं राहून, मी तिला सांगितलं. फार फार पूर्वी पाण्यातले काही मासे असेच काठाशी आले, पिढ्यान्पिढ्या थोडे थोडे बदलत गेले, त्यांतल्या काहींच्या वंशात पुढे पाय आले, आणि त्याच वंशवेलीच्या एका फांदीवर आपणही आहोत. ही निवटी आपली आजी नव्हे, लांबची चुलत बहीण म्हण. तुम्ही साडीचा ओचा खोचून माझ्या शेजारी उभ्या होतात आणि ऐकत होतात.

परतताना पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढता चढता तन्वीने विचारलं, "मग आपल्याला देवाने नाही का केलं?"

त्या संध्याकाळी तुम्ही मला मागच्या पडवीत बोलावलंत.

"मेधा, तू तुझं सांग. मी माझं सांगत्ये. पण एक ठरवून टाकू. मी तुझं खोटं आहे म्हणायचं नाही, तू माझं खोटं आहे म्हणायचं नाही. मोठी झाली की तिचं ती बघेल."

"आणि तिने विचारलं, खरं काय, तर?"

"तर सांगायचं, आई असं मानते, आत्या असं मानते. दोघींनी हेच उत्तर द्यायचं."

शब्द तुमचे होते. मी फक्त हो म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. किती आनंद झाला होता मला! सांगलीला आईला फोन करून सांगितलं, अशी नणंद कुणाला मिळत नाही. आई म्हणाली, जप तिला.

मी तो शब्द पाळला, वन्सं. सोपं नव्हतं. ग्रहणात तुम्ही तन्वीला उपाशी बसवलंत तेव्हा मी ओठ घट्ट मिटून बसले. तिने मला तीनदा तरी विचारलं असेल, "आई, देव आहे का?" प्रत्येक वेळी मी म्हटलं, "आत्या मानते. मला तसं वाटत नाही. तू वाच, बघ, घाई काही नाही." आत्याचं चूक आहे असं एकदाही म्हटलं नाही. जिभेवर आलं तरी म्हटलं नाही.

भांडलो ते आपण दोघींनी, तिला बाजूला ठेवून. 'उत्क्रांती' या शब्दावरून झालेलं अजून संपलेलं नाही. तुम्ही म्हणायचात, "शब्दातच बघ ना. उत् म्हणजे वर. क्रम म्हणजे पाऊल टाकणं. वर पाऊल टाकत जाणं. मग वर कुणीतरी असल्याशिवाय पाऊल वर कसं जाईल?" मी म्हणायचे, "वर नाही हो वन्सं, नुसता बदल. झुरळ काही आपल्यापेक्षा खालचं नाही." तुम्ही म्हणायचात, "मग शब्द बदल तुझा." मी म्हणायचे, "शब्द चुकलाच आहे." मग तुम्ही दोन दिवस कोश काढून बसायचात, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना मध्येच एखादा नवा शब्द पुढे टाकायचात. मला वाटायचं, सगळ्या घरांत असं व्हायला पाहिजे. मला वाटायचं, आपण तन्वीला हेच शिकवतोय, दोन माणसांनी एका ताटात न जेवताही एका पंगतीत कसं बसायचं ते.

कसली पंगत! तुम्ही माझ्यामागे उठून गेलेल्याच होतात.

तुम्ही आजारी पडलात त्याच्या आधीच्या रविवारी मी आणि तन्वी पुन्हा खाडीवर गेलो होतो. तुमचा गुडघा दुखत होता म्हणून तुम्ही घरी राहिलात. गुरुवारी सकाळी चहा पिताना तुमच्या हातातला कप तिरका झाला. मी म्हटलं, "वन्सं, सांडतोय." तुम्ही काहीतरी बोललात, पण ते शब्द नव्हते. तोंडाची उजवी बाजू ओघळली होती. रत्नागिरीला दवाखान्यात आठ दिवस होतात तुम्ही. डावा हात हलायचा, डोळे हलायचे. बोलणं गेलं ते गेलं.

तन्वी हट्टाने तुमच्याजवळ बसायची. तुमच्या कानाला तोंड लावून तासन् तास काही पुटपुटायची. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय. तिथल्या नर्सला मी सांगितलंसुद्धा, "आत्यासाठी म्हणतेय, आत्यानेच शिकवलंय." तुम्ही डावा हात उचलायचात, तिच्या डोक्यापर्यंत न्यायला बघायचात, तो मध्येच घसरायचा. मला वाटायचं, पाणी हवंय. मी चमच्याने ओठ ओले करायचे.

तुम्ही गेलात. विनय दहाव्याला पोहोचला, तेरावं उरकून परत गेला. घरात मी आणि तन्वी उरलो.

ती बोलेनाशी झाली होती. 'ह', 'म', 'क', सगळ्यावर अडकायची, मग सोडूनच द्यायची. जेवायची नाही. मी म्हटलं, दुःख आहे, ओसरेल. चार दिवसांनी मी तिला घेऊन अभ्यासाला बसले. भूगोल चालला, गणित चाललं. शास्त्राचं पुस्तक काढलं तर ती उठली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि फडताळात सगळ्यात वरच्या खणात नेऊन ठेवलं.

"तन्वी, परीक्षा जवळ आलीय."

तिने मान हलवली. नाही.

"तू अभ्यास सोडलास तर आत्याला आवडेल का?"

वन्सं, तिने माझ्याकडे बघितलं ते मी कधी विसरणार नाही. एवढं घाबरलेलं तोंड मी कुणाचंच बघितलेलं नाही. बोलायला गेली. शब्द निघेना. मग तिने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि चालीत सुरू केलं. तुमच्या चालीत. रोज सकाळी पडवीत म्हणायची त्या स्तोत्राच्या चालीत माझी पोर मला सांगू लागली:

"आत्याने मला देवळात नेलंन. माझ्या हातावर पाणी घातलंन. म्हणाली, आई सांगत्ये ते परीक्षेपुरतं लिही. मनात धरू नको. मनात हे धर, की आपल्याला देवाने केलं. शपथ घे देवीची. आणि आईला सांगू नको, तिला वाईट वाटेल."

मी विचारलं, "कधी?"

"आपण निवटी बघितल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी."

संध्याकाळी पडवीत तुम्ही मला शब्द दिलात, आणि रात्र उलटून उजाडल्याबरोबर माझ्या मुलीला घेऊन देवळात गेलात. एक दिवससुद्धा पाळला नाहीत. मी सांगलीला आईला फोन केला होता, तो त्याच सकाळी. मी इथे तुमचं कौतुक करत होते आणि तुम्ही तिथे तिच्या हातावर पाणी घालत होतात. मग दोन वर्षं माझ्यासमोर बसून कोश उघडत होतात, उत् आणि क्रम करत होतात, आणि तन्वी पलीकडे बसून आपल्या दोघींची तोंडं बघत होती. तिला माहीत होतं. घरात फक्त मला माहीत नव्हतं.

तिचं पुढचं ऐका. ते तुम्ही ऐकायलाच पाहिजे.

"त्या रविवारी पुन्हा निवटी बघितल्या. आणि मनात आलं, आईचं खरं आहे. मी नको नको म्हटलं तरी आलं. मग गुरुवारी आत्याची वाचा गेली."

दवाखान्यात ती स्तोत्र म्हणत नव्हती, वन्सं. ती तुम्हाला म्हणत होती, "मला सोडव. मी मुद्दाम नाही केलं. मला सोडव." आठ दिवस. आणि तुम्ही बोलू शकत नव्हतात. तिला वाटलं, बोलत नाही, म्हणजे रागावलीय. मग तुम्ही गेलात. बारा वर्षांच्या मुलीच्या मनात एक विचार आला आणि तिची आत्या मेली, असं ती धरून बसली होती. पुन्हा तसा विचार येऊ नये म्हणून पुस्तक वरच्या खणात. बहुधा पुढचा नंबर माझा असेल असंही वाटत असणार. ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मी उठले आणि भिंतीवरचा तुमचा फोटो काढला. हार काढून फेकला, फोटो कपाटात पालथा घातला. तन्वीने ते बघितलं आणि हमसून हमसून रडायला लागली, म्हणून परत काढून लावला. तो तिच्यासाठी आहे. तुमच्यासाठी नाही.

विनयला फोन केला. बोटीवरून आवाज तुटत होता. म्हणाला, "ताई असं करायची नाही गं. पोरीने काहीतरी वेगळं ऐकलं असेल." मी फोन ठेवला. तुमचं नाव एवढं स्वच्छ आहे, की तुमच्या भावाला त्याच्या मुलीपेक्षा ते खरं वाटतं.

तुम्ही एखाद्या मुलाला मुद्दाम दुखवाल असं मीही म्हणत नाही. "शपथ मोडली तर काय होईल?" असं तन्वीने तेव्हा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "देवी बघत्ये." एवढंच. बाकीचं तिने स्वतः रचलं. ज्या मुलीची जीभ अडते, ती शिक्षा म्हणून दुसरं काय रचणार? तुमची वाचा गेली आणि तिला हिशेब जुळल्यासारखा वाटला. पण वन्सं, उभा जन्म तुम्ही मुलांना शिकवण्यात घालवलात. अर्धं वाक्य सोडलं तर मूल ते पुरं करतं, हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं का?

आणि बांधलंत तेही कशाने? काय बोलू नको, काय करू नको, असं नाही. मनात काय यायचं नाही, हे. असं वचन कुणी पाळू शकतं का? तुम्ही पाळलं असतंत का?

खाडीवरची एक गोष्ट मी वर लिहिलेली नाही. लिहायचं टाळलं. त्या दिवशी मी माशांचं सांगत असताना तुम्ही मध्येच म्हणाला होतात, "बघ तन्वी, आपल्याकडे पहिला अवतार मत्स्याचा. मग कासव, पाण्यातलं नि जमिनीवरचंही. मग वराह. आपल्या लोकांना हे ठाऊकच होतं." मी हसले. म्हटलं, "वन्सं, हे नि ते एक नाही हो. नृसिंहाला कुठे बसवाल मग?" आणि माझं बघून तन्वीही हसली. तुमच्याकडे बघून. खळखळून. तुम्ही ओचा सोडलात, चिखलातून पाय काढलात आणि काठावर जाऊन उभ्या राहिलात.

त्या वेळी मी तुमच्याकडे नीट बघितलं नाही. आता बघते. माझ्या विषयात एक पाऊल टाकून आत यायला बघत होतात तुम्ही, आणि मी मुलीसमोर दार लावून घेतलं. शास्त्र म्हणून माझं म्हणणं बरोबर होतं, आजही आहे. पण हसायला नको होतं. हसले ते चुकलं, असं मी नंतर म्हटलं असतं तर? तुम्ही दुसऱ्या दिवशी देवळात गेला नसतात? माहीत नाही. हा प्रश्न तुम्ही माझ्या गळ्यात टाकून गेलात. पण माझं हसणं आणि तुमची शपथ एका तराजूत घालायला मी तयार नाही. मी तोंडावर हसले. तुम्ही माझ्या पाठीमागे देवळात गेलात.

तन्वीने शपथेचं सांगितलं, त्याच्या पुढचे तीन दिवस मी तिला शास्त्र सांगितलं. मेंदूचं चित्र काढलं. रक्ताची गुठळी म्हणजे काय, रक्तदाब म्हणजे काय, तुम्ही गोळी घ्यायला कशा विसरत होतात, बोलण्याचा भाग मेंदूत कुठे असतो. दवाखान्याचा कागद दाखवला. ती ऐकत होती, मान हलवत होती. मी विचारलं, "मग आत्या कशाने गेली?" तिने वहीत स्वच्छ अक्षरात लिहून दाखवलं. सगळं बरोबर. आणि जेवायला बसली तेव्हा पुन्हा घास खाली ठेवला. तेव्हा कळलं. तिने मला परीक्षेपुरतं लिहून दिलं होतं. तुम्ही शिकवलं होतंत तसं.

मग मी तिला देवळात घेऊन गेले.

शिमग्याची पालखी सोडली तर मी त्या देवळात वर्षानुवर्षं गेलेले नाही, हे गावाला ठाऊक आहे. गुरवकाका गाभारा पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांना ऐकून नवल वाटलं नाही. म्हणाले, "व्हय, माज्या ध्यानात हाय. बाय ह्या पोरीला घेऊन आलेली. पोरगी रडत व्हती." रडत होती. तेही मला परक्याकडून कळायचं होतं.

म्हणाले, "वयनी, इतं घातलान ती इतंच सुटंल. पन तुमचा तर इस्वास नाय."

मी म्हटलं, "माझा नाही. तिचा आहे."

"मग झाला तर. सुटायचा तिला हाय."

त्यांनी नारळ ठेवला, तन्वीला पुढे उभं केलं, तिच्या ओंजळीत पाणी दिलं आणि गाऱ्हाणं घालायला लागले. "आई, ह्या लेकराच्या हातावर पानी पडला हाय. कुमुदबायनी घातलान. मायेपोटी घातलान. आता ती बाय ऱ्हायली नाय. लेकराच्या मनात काय यावा नि काय येव नये, ता त्येच्या हातात नाय, आई. तुज्याबी हातात नाय. लेकराला मोकळा कर. बोलता कर." मग थांबले आणि माझ्याकडे बघितलं. गाऱ्हाण्याला कुणीतरी हुंकार द्यावा लागतो. देवळात चौथं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "होय महाराजा."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. दोनदा, तीनदा म्हटलं. शेवटच्या वेळी आवाज फुटला नाही तर गुरवकाकांनी थांबून वाट बघितली, आणि मी पुन्हा म्हटलं. तन्वीने ओंजळीतलं पाणी ताम्हनात सोडलं. तुमच्या शपथेपायी मला तिथे उभं राहावं लागलं, वन्सं. माझ्या तोंडातून ते वदवून घ्यायचं होतं तर तुम्ही चहाचा कप पुढे सरकवून मागितलं असतंत. कदाचित दिलंही असतं.

याला आठ दिवस झाले. तन्वी जेवते. शास्त्राचं पुस्तक परवा तिने स्वतः खाली काढलं. बोलणं अजून अडखळतं. सकाळी पडवीत बसून एकटीच स्तोत्र म्हणते, मग हळूहळू चाल काढून टाकते, तुम्ही काढायचात तशी. मी आत कामात असल्यासारखं दाखवते. तिला ते तुम्ही शिकवलंत, आणि ते कुणी काढून घेऊ शकत नाही, मीसुद्धा नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पुढेमागे होईल की नाही, सांगता येत नाही. लोक भेटायला येतात, कुमुदताईंसारखं माणूस नाही म्हणतात, मी हो म्हणते. तुमची आठवण येते तेव्हा आधी चहाचा कप आठवतो आणि लगेच ते पाणी. एक यावं आणि दुसरं येऊ नये असं होत नाही.

आता एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी देवळातून निघाल्यावर आम्ही पाखाडी उतरत होतो. तन्वीने माझा हात धरला होता. अर्ध्यावर आल्यावर तिने विचारलं, "आई, तू आत्ता खो-खोटं बोललीस का? होय महाराजा म्हणालीस ते?"

मी म्हटलं, "तू मोकळी व्हावीस असं मला मनापासून वाटत होतं. तेवढ्याला होय म्हटलं."

थोड्या पायऱ्या उतरलो.

"आत्या वाईट होती का?"

'हो' तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, "नाही. घाबरली होती."

"क-कशाला?"

"तू मोठी झालीस, माझ्यासारखा विचार करायला लागलीस, की तिची राहणार नाहीस, असं वाटलं असेल तिला."

ती थांबली. हात सोडला. बराच वेळ तिच्या तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि तो तिच्यासाठी आपण म्हणायचा नाही हे मी तुमच्याकडूनच शिकले होते, म्हणून गप्प उभी राहिले.

"म-मग मला विचारायचं ना तिने," तन्वी म्हणाली. "मी सांगितलं असतं, मी कु-कुठे जात नाहीये."